बिरोबाच्या लिंबाखाली अंथरलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. दचकू नका. दचकणं हे आमच्या घरात सगुणाबाईचं काम, आणि तिच्याकडूनच ते माझ्यात उतरलं. लोकरीत वास मुरतो तशी भीतीही मुरते. वास निदान उन्हात टाकलं की कमी होतो.

माझा जन्म वाटूरच्या बाजूचा. म्हस्कूबाबांच्या मेंढ्यांची लोकर, त्यांच्या कारभारणीनं, जयवंताबाईनं, विंचरली आणि टकळीवर तिचं सूत काढलं. सूत काढता काढता ती लेकीला, म्हणजे सगुणाला, सासरच्या गोष्टी शिकवायची. सासूला उलटं बोलू नये. पाणवठ्यावर रेंगाळू नये. नवऱ्यानं भाकरी नको म्हटलं तरी एकदा विचारावं. नवरा पिऊन आला तर काय करावं, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तिला ठाऊक नसावं, किंवा फार चांगलं ठाऊक असावं.

सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ दिली. खळ दिलेली घोंगडी नव्या सुनेसारखी असते. ताठ असते, आणि जरा हलली की सगळ्यांना ऐकू जातं.

लग्नात म्हस्कूबाबांनी मला जावयाच्या खांद्यावर टाकलं. म्हणाले, "जावईबापू, उन्हाथंडीला कोणतंबी कापड चालतंय. पण घोंगडीवर भंडारा पडला, की आपल्यात माणूस खोटं बोलत न्हाई. एवढं ध्यानात ठेवा."

सगळे हसले. मच्छिंद्रही हसला. पण ते खरंच होतं. आमच्या लोकांत पंच बसायचे ते घोंगडी अंथरून. तिच्यावर हळदीचा भंडारा पडायचा आणि मग वाटण्या, भांडणं, काडीमोड, जे काय असेल ते तिच्यावरच तुटायचं. भंडारा पडलेल्या घोंगडीवर खोटं बोललं तर बिरोबा कोपून कळपात उतरतो, अशी समजूत. त्यामुळे खोटं बोलायचं असलं की माणसं आधी घोंगडीवरून उठायची.

सासर मंठ्याजवळच्या एका वस्तीवर. घरात तिघंच, मच्छिंद्र, त्याची आई तुळजाबाई आणि आता सगुणा. मच्छिंद्र माणूस वाईट नव्हता. शीळ घातली की मेंढ्या माना वळवायच्या. आईची नक्कल अशी करायचा की चुलीपुढे बसलेल्या सगुणाला पदर तोंडात कोंबावा लागे. तो एवढा चांगला होता, हीच पंचाईत होती. कारण बाजाराच्या दिवशी मंठ्याहून दुसराच मच्छिंद्र घरी यायचा.

त्याची चाहूल आधी कुत्र्याला लागायची. कुत्रं उठून गाडीखाली गेलं की सगुणा कामाला लागायची. चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढायची, म्हणजे तो तोल जाऊन पडला तर विस्तवात पडू नये. कुऱ्हाड गवताच्या पेंढीमागं. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि भिंतीशी घडी करून ठेवलेली मी तिच्या टाचांची थरथर मोजत बसायची.

त्यानं हात उचलला एकदाच, तोही हवेत. खाली आला तो त्याच्या स्वतःच्याच कपाळावर. पण वर गेलेला हात कुठं उतरणार हे ठरेपर्यंत मध्ये जो वेळ जातो, तो फार मोठा असतो. त्या वेळात सगुणा वाळून गेली.

सकाळी तो विचारायचा, "रातच्याला मी काही बोललो का गं?"

"न्हाई," ती म्हणायची, आणि माझ्यावरची ओकारी धुवायला घ्यायची. घोंगडी धुतली की आटते. मी त्या वर्षात चांगलीच आटले. तीही.

मग लांडग्याची गोष्ट घडली.

बाजाराचा दिवस होता. दिवेलागणीला मच्छिंद्र झोकांड्या खात आला आणि त्यानं मला मेंढ्यांच्या वाघुरीपाशी अंथरलं. वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी. आत जाऊन त्यानं एक कोकरू कुरवाळलं, त्याला काहीतरी लाडाचं बोलला, बाहेर आला आणि झोपला. जाळीचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्या पाठीखाली होते. मला दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

लांडगा आला तेव्हा अजून पुरता अंधारही पडला नव्हता. कुत्रं नेहमीसारखं गाडीखाली दडलेलं, मच्छिंद्राच्या भीतीनं. ते भुंकलं तोवर उशीर झाला होता. गाभण मेंढ्या फाडलेल्या, कोकरं तुडवलेली. तुळजाबाई छाती पिटत धावली.

"वाघूर कोणी उघडी ठेवली? कोणी?"

मच्छिंद्र उठून बसला. त्याच्या अंगाचा घाम माझ्यात उतरला तो उन्हाळ्याचा नव्हता. त्यानं आईकडं बघितलं, मेलेल्या मेंढ्यांकडं बघितलं. मग तो माझ्यावरून उठला. उठला आणि बोलला, "सगुणी कोकरं पाजायला आत गेल्ती. तिनंच उघडी ठिवली आसंल."

सगुणा दारात उभी होती, हातांना पीठ.  पीठ लागलेले हात सगळं सांगत होते, पण हातांकडं बघतं कोण?

त्या दिवसापासून ती पांढऱ्या पायाची झाली. तुळजाबाई मनानं दुष्ट नव्हती. घाबरलेली होती. कळपच तिचं सगळं होतं, आणि अशा वेळी लेकापेक्षा सुनेवर आळ घेणं सोपं जातं. ती म्हणाली, "दोन बाजार जाऊ दे. तुझा बाप लोकर घेऊन मंठ्याला येतो, तवा तुला त्याच्या हवाली करते. न्हांदवायची न्हाई आता."

सगुणाची छाती माझ्याशीच लागलेली असायची झोपताना. तिचं काळीज कोकरासारखं धडधडायचं. माहेरी परत गेलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे तिनं पाहिलं होतं. पण खरं सांगायला गेलं तर नवरा खोटा पडणार, आणि बाजाराच्या संध्याकाळी त्या खोट्या पडलेल्या नवऱ्यापुढं तिलाच उभं राहायचं होतं.

पुढच्या बाजाराला उरलीसुरली लोकर माझ्यात बांधून सासू-सुना मंठ्याला गेल्या. शेजारी मिरच्यांचा ढीग घेऊन साखराबाई नावाची एक बाई बसली होती. तोंडाची फटकळ, हाताची सैल. तुळजाबाई भाव करायला गेली आणि सगुणाचे डोळे वाहायला लागले.

साखराबाईनं एकदाच बघितलं. "रड, माय, रड. मिरच्यांपाशी रडायला बरं असतंय, कुणी विचारत न्हाई. नवरा पितो का?"

सगुणानं पदर डोळ्यांना लावला.

"बोलू नको. म्हाझाबी प्यायचा. घरात भांडं ऱ्हाऊ दिलं न्हाई मेल्यानं. आता त्यो बघ." तिनं हनुवटीनं दाखवलं. बाजारामागं एक लिंब होता आणि त्याच्याखाली बिरोबाचं ठाणं. तिथं पाचसात माणसं घोंगडी अंथरून बसली होती. दाढीवाला, मोठ्या आवाजाचा, तो तिचा नवरा धर्मराज.

"पंच हैत का?" सगुणानं भीत भीत विचारलं.

"कशाचे पंच! शिंदी सोडल्याली माणसं हैत. लोक त्यांना कोरड्यांची पंगत म्हणून हसतेत. हसू दे. बाजाराच्या दिवशीच प्यायला होतं ना, म्हणून बाजाराच्या दिवशीच बसतेत. आधी हे अन् भुजंग, दोघंच होते. एकल्याला शिंदीखान्याम्होरून जाता यीना, मंग दोघं एकमेकाचा हात धरून जायचे, लेकरावानी. जो नवा यील त्याची घोंगडी पसरायची, वर भंडारा टाकायचा, अन् त्यानं आपलं सांगायचं. मधी कुणी बोलायचं न्हाई, शाणपण शिकवायचं न्हाई."

"अन् मंग सुटती?"

"जल्मभराची आण कुणी घेतच न्हाई. पुढल्या बाजारापोत्तर प्यायचं न्हाई, एवढंच. पुढल्या बाजाराला पुन्हा तेवढंच." साखराबाईला मिरचीची शिंक आली. नाक पुसून ती म्हणाली, "पुढच्या खेपेला त्याच्या खांद्यावर घोंगडी दे. बाकी हे बघतेन."

ते निजामाचं राज्य होतं. चार माणसं एका जागी बसली की पोलीस ठाण्यातून विचारणा व्हायची. शिंदीखान्याचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारालाही ती पंगत खुपत होती. हे सगळं साखराबाईनं आवाज खाली आणून सांगितलं, आणि सगुणाच्या भीतीत आणखी एक भर पडली.

तो बाजार आला. तुळजाबाईनं सगुणाचं गाठोडं स्वतः बांधलं. म्हस्कूबाबा लोकर घेऊन यायचे होते.

निघताना सगुणानं मला मच्छिंद्राच्या खांद्यावर ठेवलं. "काठ उसवलाय. सणगर भेटला तर दाखवा," ती म्हणाली. काठ उसवला होता हे खरं. आदल्या दिवशी कुणी उसवला, ते मला विचारू नका.

वाटेत मच्छिंद्राची शीळही नाही. बाजारात शिरल्यावर त्याचे पाय आपोआप शिंदीखान्याकडं वळले, तेवढ्यात धर्मराजनं हाक मारली.

"आरं मच्छिंद्रा! म्हस्कूबाबाचा जावई ना तू? घोंगडी आण इकडं."

मच्छिंद्र थांबला. लिंबाखाली गोल धरून माणसं बसलेली, मध्ये भंडाऱ्याची वाटी, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं. त्याचा खांदा माझ्याखाली एकदम थंड पडला. मला कळलं त्याला काय वाटलं ते. त्याला वाटलं, पंच बसलेत. त्याच्या बायकोची काडीमोड करायला.

पळून जाता आलं असतं. पण पंचांनी बोलावल्यावर पळालेला माणूस जातीत कुठं उभा राहणार? तो आला. धर्मराजनं मला अंथरलं. मच्छिंद्र काठावर टेकला. भंडाऱ्याची चिमूट पडली आणि माझ्या काळ्या अंगावर पिवळा डाग उमटला.

"म्हाझ्या बायकोनं..." मच्छिंद्रानं सुरुवात केली. माझ्यावरून उठल्याशिवाय पुढचं वाक्य त्याला येईना.

भुजंगनं गोंधळून धर्मराजकडं पाहिलं. धर्मराज हळू म्हणाला, "बायकोचं कोणी इचारलं न्हाई, बाबा. तुझं सांग."

तेवढ्यात बुटांचा आवाज आला. ठाण्याचा जवान, काठी काखेत. मागं गुत्तेदाराचा माणूस हात बांधून उभा.

"क्या हो रा यहाँ? इजाजत है क्या?"

 भुजंगनं भंडाऱ्याची वाटी मांडीआड सरकवली. जवानानं काठीचं टोक माझ्यावर टेकवलं.

"घोंगडी किसकी?"

 ज्याची घोंगडी, बैठक त्याची, असाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. धर्मराज बोलायला पुढं सरकला. त्याच्या आधी मच्छिंद्राच्या तोंडून शब्द आला.

"म्हाझी."

"हाँ? अन् काहेको बैठे?"

मिरच्यांच्या ढिगाआड सगुणा उभी राहिलेली मला दिसली. तिच्या हातात मूठभर मिरच्या होत्या आणि त्या चुरगळून गेल्या होत्या.

मच्छिंद्र जवानाच्या बुटांकडं बघत होता. आयुष्यात त्याला पोलिसाइतकी भीती कशाचीच नव्हती. तो म्हणाला, "साहेब, मी शिंदी पितो."

गुत्तेदाराचा माणूस फिसकन हसला.

"लई पितो," मच्छिंद्र म्हणाला. आता त्याला थांबता येईना, उतारावरून कळप सुटावा तसं. "त्या दिशी पिऊन आलो. वाघुरीपाशी पडलो. तोंड बांधलं का न्हाई, मला काय बी आठवत न्हाई. लांडग्यानं मेंढ्या खाल्ल्या. आठवत न्हाई, अन् मी बायकोवर ढकललं. ती घरात भाकऱ्या करून राह्यली होती, साहेब. तिच्या हाताला पीठ होतं. तेवढंच मला बराबर आठवतंय."

 जवानानं काठी माझ्यावरून उचलली. गुत्तेदाराच्या माणसाला म्हणाला, "इसमें मैं क्या लिखूँ?" आणि आमच्याकडं न बघता, "जल्दी निपटाव," एवढं बोलून निघून गेला.

 धर्मराजनं नेहमीचं विचारलं, "पुढल्या बाजारापोत्तर?"

"ऱ्हावतंय का ते म्हाईत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"आम्हाला तरी कुठं म्हाईत हाय. घे, उचल घोंगडी."

बैठक उठली की सगळ्यांनी मिळून बाजारातून जायचं, नव्या माणसाला मध्ये घेऊन, असा त्यांचा रिवाज. शिंदीखान्यापाशी ओळखीच्या हाका आल्या. "काय मच्छिंद्रा, कोरड पडली का घशाला?" मच्छिंद्राच्या नखांनी माझी लोकर उपटली. भुजंग एका बाजूनं, धर्मराज दुसऱ्या बाजूनं, आणि मी खांद्यावर. असे आम्ही गेलो.

पुढं तुळजाबाई, म्हस्कूबाबा आणि जमिनीवर ते गाठोडं. सगुणा धावत येऊन बापाच्या मागं उभी राहिली होती. मच्छिंद्रानं मला धुळीतच अंथरलं, वर उभा राहिला आणि सासऱ्यापुढं, आईपुढं, तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते सोपं गेलं नाही. उलट जास्त जड गेलं. पोलिसापेक्षा आईकडं बघणं अवघड.

म्हस्कूबाबा लेकीकडं वळले. "सगुणे, यायचं का ऱ्हायचं? तू सांग."

सगुणाला काय हवं, हे कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. तिनं गाठोड्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पुढल्या बाजारापोत्तर ऱ्हाते."

म्हस्कूबाबा खदखदून हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तुळजाबाई वाकली, सुनेचं गाठोडं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन घराकडं चालू लागली.

इथं गोष्ट संपवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण भीती अशी एका दुपारी उठून जात नाही. मच्छिंद्र बाजारामागून बाजार कोरडा आला, तरी कुत्रं गाडीखाली जायचंच, आणि सगुणा लाकूड मागं ओढायचीच. एका जत्रेत तो घसरला. पुढच्या बाजाराला खालमानेनं लिंबाखाली आला तेव्हा भुजंग नुसता बाजूला सरकला. "बस. जागा ठिवली हाय," म्हणाला. मला त्या दिवशी कळलं, ती माणसं काही धीट नव्हती. भिणारी माणसं एकमेकांना चिकटून बसली होती, थंडीत मेंढ्या बसतात तशी.

यंदाचं साल फार वाईट गेलं. रझाकारांच्या धामधुमीत बाजार बसेना. चळवळीवाल्यांनी शिंदीची झाडं तोडली, तेव्हा तुळजाबाईनं देवापुढं साखर ठेवली. म्हणाली, मुळापासून गेलं. पण झाड तोडलं म्हणून तहान तुटत नाही. आडबाजूला हातभट्ट्या निघाल्या. धर्मराज रानात लपलेला, भुजंगचा पत्ता नाही, लिंबाखाली कुणी नाही. मच्छिंद्र अंगणात येरझारा घालायला लागला, आणि घरातल्या तिघांची तोंडं पुन्हा वाळली.

आज, आत्ता, उन्हं कलायच्या आधी, सगुणाबाईनं मला उतरंडीमागून काढलं. मी आता विरले आहे. दोन ठिकाणी कसर लागली आहे, काठ चौथ्यांदा शिवलाय. तिनं मला अंगणात अंथरलं, देव्हाऱ्यातला भंडारा आणला, सासूला हाताला धरून बसवलं आणि नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

मच्छिंद्र बसला. म्हणाला, "जीव तिकडं वढून राह्यला. सकाळधरनं. पायात चपला घालून दोनदा काढल्या." त्याचं बोलून झालं. मग लिंबाखालच्या सवयीनं त्यानं विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

अंगणात कोण होतं विचारायला? म्हातारी, आणि ती.

"मला," सगुणाबाई म्हणाली.

तिचा तळहात माझ्यावर आहे. घामानं ओला. "मला भ्या वाटतं," ती म्हणतेय. "तुमी पिऊन येत होता तवाबी वाटायचं, अन् न पिता येता तवाबी वाटतं. वाट बघतानी तर लईच वाटतं. हे मी कुणालाच कधी..."

"अगं पण आता त्यो..." तुळजाबाई मध्येच बोलायला गेली.

"मधी बोलू नको, माय," मच्छिंद्र म्हणाला. "इथं मधी बोलत न्हाईत."

ती बोलतेय. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येतोय, तरी कुणी उठत नाहीये. कुत्रं गाडीखालून मान काढून बघतंय. मला आता तुमच्याकडं फार काही मागायचं नाही. वाऱ्यानं माझा एक कोपरा उलटतोय, तेवढा दाबून धरा. आणि तिचं संपेपर्यंत मला कुणी उचलू नका.